लाल ठिपक्याचा कोपरा

१

नोटीस चार ओळींची होती, आणि चौथी ओळ संपेस्तोवर बर्फमावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"सदर संशोधक विद्यार्थिनीने सादर केलेली मोजमापे बनावट असल्याचे फेरतपासणीत निष्पन्न झाले आहे. तिला निलंबित करण्यात येत असून सोमवारी सकाळी समितीपुढे अंतिम निर्णय होईल." खाली मोठ्या सरांची ऐटदार सही.

"बनावट म्हणे!" मावशी इतक्या मोठ्यानं बोलल्या, की जिन्यावरून उतरणारे दोघं जण जागच्या जागी थांबले. "मी काय डोळे मिटून उभी होते का तिथं?"

संस्थेच्या मागच्या अंगाला हेलियम वायूचं पाणी करणारा कारखाना होता आणि तो एकतीस वर्षं मावशींच्या ताब्यात होता. शून्याखाली दोनशे एकोणसत्तर अंशांचा त्यांचा माल. त्याच्यापुढे बर्फ म्हणजे उकळता चहा. तरी सगळे त्यांना बर्फमावशीच म्हणायचे. स्वभाव मात्र नावाला न शोभणारा. पटकन तापायच्या, आणि तापल्या की लवकर निवायच्या नाहीत.

त्या मुलीनं आपली फिल्म, म्हणजे धातूंच्या पातळ थरांची चिप, अकरा वेळा थंड केली होती. अकराही वेळा हेलियम ओतायला मावशी स्वतः हजर होत्या. पडद्यावरची विजेच्या अडथळ्याची रेघ उतरत उतरत एकदम शून्यावर आपटलेली त्यांनी पाहिली होती. पहिल्या वेळी मुलीनं त्यांना मिठीच मारली होती, हातमोज्यांसकट.

नोटीस वाचून त्या तडक मोठ्या सरांच्या खोलीत शिरल्या. सर प्रयोगशाळेचे प्रमुख. साठीला टेकलेले, मृदू बोलणारे, कधी आवाज न चढवणारे.

"सर, मी साक्षीदार आहे. विचारा मला."

सरांनी चष्मा काढून पुसला. उजव्या हाताच्या बोटांना पट्टी होती, त्यामुळे ते काम डाव्या हातानं चाललं होतं.

"बाई," ते हसून म्हणाले, "तुमचं हेलियम उत्तम असतं. तुम्ही तेवढं बघा."

मावशी बाहेर आल्या तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. आता गप्प बसणं शक्यच नव्हतं.

२

मुलगी कारखान्यातच सापडली, कॉम्प्रेसरमागे उलट्या ठेवलेल्या खोक्यावर. रडत नव्हती. मांडीवर वही उघडी ठेवून तेच तेच पान वाचत होती.

"मावशी, माझं कुठं चुकलं ते तरी कळू दे. फिल्म तीच, मशीन तेच. सोमवारी त्यांनी मोजलं तर काहीच नाही. मला खोलीत येऊसुद्धा दिलं नाही. बाहेर बाकावर बसवून ठेवलं."

"काय? तुझी फिल्म, आणि तूच बाहेर?" मावशींनी दुसरं खोकं ओढलं. "सांग सगळं. मला कळेल अशा भाषेत. मी डिप्लोमावाली."

मुलीनं वहीत पाच आडव्या पट्ट्या काढल्या. "वर आणि खाली नायोबियम. तो अतिवाहक, म्हणजे पुरेसा थंड केला की वीज अडथळ्याशिवाय वाहू देणारा. मध्ये कोबाल्टचा जाड थर, तो चुंबक. आणि कोबाल्टच्या दोन्ही अंगांना निकेल-लोखंडाचे अगदी पातळ थर, तेही चुंबकच. अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोडीनं चालतात. प्रत्येकाला होकायंत्रासारखा काटा असतो; एकाचा वर, दुसऱ्याचा खाली. चुंबकाला हे खपत नाही. तो सगळ्यांचे काटे एकाच दिशेला वळवायला बघतो, आणि जोडी फुटते."

"म्हणजे कोबाल्टच्या आत शिरलं की संसार मोडला."

मुलगी आठवड्यात पहिल्यांदा हसली. "हो. पण दोघांचेही काटे आधीपासून एकाच दिशेला असले, तर चुंबकाला मोडायला काही उरतच नाही. अशी जोडी जाड कोबाल्टमधूनही आरपार जाते. ती वेगळ्याच जातीची जोडी, सहसा न दिसणारी. ती तयार करायचं काम त्या पातळ थरांचं. पण एक अट आहे. पातळ थरांची दिशा कोबाल्टच्या दिशेशी काटकोनात हवी. म्हणून थंड करण्याआधी चुंबकाचा एक झटका द्यायचा आणि पातळ थर आडवे वळवायचे."

"आणि मोठे सर काय म्हणतात?"

मुलीचं हसू मावळलं. बावीस वर्षांपूर्वी सरांनी एक मर्यादा मांडली होती. कोबाल्ट अमुक इतका जाड झाला की कुठलीही जोडी पार होत नाही; झालेली दिसली तर फिल्मला भोकं आहेत असं समजावं. पुस्तकांतून ती त्यांच्या नावानं शिकवत. मुलीचा कोबाल्ट त्या मर्यादेच्या दहापट जाड होता.

"मी शुक्रवारी आलेख दाखवले. सर बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, सोमवारी आम्ही तपासू, तू नसताना. शनिवार-रविवार मी इथं नव्हते. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं."

"चिपच्या कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे?"

"माझ्याकडे, सरांकडे, जावईबापूंकडे आणि कल्हईवाल्याकडे."

मावशी उठल्या. तिघं. तिघांपैकी एकानं या पोरीच्या चार वर्षांवर पाणी फिरवलं होतं. नाहीतर एकतीस वर्षांत पहिल्यांदा मावशींच्या डोळ्यांनी त्यांना दगा दिला होता, आणि त्यावर विश्वास ठेवायला त्या तयार नव्हत्या.

३

जावईबापू हे काही कोणाचे जावई नव्हते. प्रयोगशाळेतले ज्येष्ठ संशोधक. पण नवी खुर्ची आधी त्यांना, परिषदेला आधी ते, सरांच्या डब्यातला पहिला घासही त्यांना. म्हणून ते नाव. सोमवारची फेरतपासणी त्यांनीच केली होती.

"मी वहीतली कृती अक्षरशः पाळली," मावशींनी तोंड उघडताच ते फणकारले. "चुंबकाचा झटका दिला, थंड केलं, मोजलं. नायोबियमचा अडथळा गेला, कोबाल्टचा जागचा हलला नाही. मी काय करू? आणि हो, तुम्ही आलाच आहात म्हणून सांगतो, कॅन भरून देत जा! प्रयोगशाळेतल्या कॅनमध्ये वीस लिटर असायला हवं होतं. निम्म्यात हेलियम संपलं. धावाधाव झाली माझी."

"माझा कॅन कधी कमी भरलेला नसतो!"

"मग काय मी प्यायलो?"

मावशींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हा माणूस त्या मुलीच्या जागेवर टपून होता हे सगळ्यांना माहीत होतं. ती गेली की नवं मशीन त्याच्याच हातात. शिवाय सोमवारी यंत्रापाशी तोच बसला होता. चोर समोर उभा राहून वर आपल्यालाच दटावतोय, असं म्हणत त्या तरातरा निघाल्या.

व्हरांड्याच्या टोकाला पोचल्यावर त्यांची पावलं मंदावली. वीस लिटर. शुक्रवारी मुलीचं काम झाल्यावर कॅनची पातळी त्यांनी स्वतः मोजली होती. वीसच होतं. दोन दिवसांत एक-दीड लिटर आपोआप उडतं. दहा नाही.

दहा लिटर हेलियम कोणीतरी वापरलं होतं.

४

कल्हईवाला फिल्मा बनवायचा. निर्वात पेटीत धातूंच्या वाफेचे अणू-अणूंचे थर चढवायचे, हे त्याचं काम. तो स्वतःच म्हणायचा, मी फक्त कल्हई करतो, पुढचं शास्त्र तुमचं. त्या मुलीनं त्याच्याकडून चौदा फिल्मा करवून घेतल्या होत्या, आणि दर फिल्मेगणिक तो तिच्या नावानं बोटं मोडायचा.

आज मात्र त्याचा चेहरा पडलेला होता.

"मावशी, चौदावी फिल्म माझ्या हयातीतली सगळ्यात चांगली होती. तिला भोकं असतील तर मी हा धंदा सोडतो."

"सोमवारी चिप धारकात कोणी बसवली?"

"मीच. पण बघा, चौकोनी चिप, चारही बाजू सारख्या. दिशा कळावी म्हणून तिनं एका कोपऱ्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलेला. वहीत लिहिलंय, ठिपका वरच्या उजव्या कोपऱ्यात. तसाच ठेवला. सगळ्यांदेखत."

"आणि नंतर?"

"मॅडमनी डबी सीलबंद करून माझ्या कपाटात ठेवलीय. कोणी हात लावलेला नाही." मॅडम म्हणजे संस्थेच्या संचालक.

"झाकण पारदर्शक आहे ना? सील न मोडता भिंगाखाली ठेव."

कल्हईवाल्यानं डबी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. मावशी वाकल्या. करड्या चौकोनावर लाल ठिपका, काचेसारखा तुळतुळीत. त्यावर एकच केसासारखी भेग.

त्या वाकलेल्याच राहिल्या.

"काय झालं?" कल्हईवाला घाबरला.

"माझ्या सगळ्या झडपांवर नेलपॉलिशच्या खुणा असतात, अरे. हेलियमचा गारठा एकदा बसला की एखादी भेग पडते. चार-पाचदा बसला की वाळलेल्या चिखलासारखी जाळी होते. दहा वेळा बसला की पोपडे निघतात. ही चिप तिनं अकरा वेळा थंड केली. सोमवारची बारावी. मग हा ठिपका असा नव्या नवरीसारखा कसा?"

कल्हईवाल्यानं भिंग हिसकावूनच घेतलं. शेजारच्या कोपऱ्यापाशी आला आणि थबकला. तिथं धातूवर एक फिकट गोल वळ होता, कडेला लाल कण चिकटलेले.

"जुना ठिपका पुसलाय," तो कुजबुजला. "नवा शेजारच्या कोपऱ्यावर दिलाय. म्हणजे मी चिप बसवली ती..."

"काटकोनात फिरवून. चुंबकाचा झटका बरोबर दिला, पण पातळ थर कोबाल्टला आडवे जायच्याऐवजी त्याच्याच दिशेला जाऊन बसले. तुम्ही दोघांनी कृती अक्षरशः पाळली, आणि अक्षरशः पाळली म्हणूनच उत्तर शून्य आलं."

कल्हईवाला मटकन बसला. "माझ्याच हातून झालं की हो हे."

"तुझ्या हातून करवून घेतलं," मावशी दात ओठ खात म्हणाल्या. "त्या पोरीला बाहेर का बसवलं ते आता कळलं. आपल्या हातानं दिलेला ठिपका तिनं बघताक्षणी ओळखला असता."

५

हेलियम वापरून झाल्यावर त्याची वाफ नळीतून कारखान्यात परत येते आणि छताला टांगलेल्या मोठ्या रबरी पिशवीत साठते. पिशवी फुगली की कळतं, किती हेलियम उडालं ते. मावशी रोज येता-जाता भिंतीवर खडूनं रेघ मारत.

शनिवारी दुपारी एकची रेघ. सोमवारी सकाळची रेघ. दोन्हींत दीड हाताचं अंतर होतं, एरवी चार बोटांचं असतं. सोमवारी त्यांना वाटलं होतं, झडप गळली असेल. आता हिशोब लागला. शनिवारी दुपारी एकनंतर ते सोमवारी सकाळपर्यंत कोणीतरी एकट्यानं यंत्र थंड केलं होतं.

कल्हईवाल्याला यंत्र थंड करता येत नव्हतं. राहिले दोघं.

जावईबापूंना येत होतं. शिवाय त्यांना ती जागाही हवी होती. पण मावशींनी त्यांचा फणकारा पुन्हा आठवून पाहिला. ज्यानं शनिवारी दहा लिटर उडवलं, तो सोमवारी कॅन रिकामा म्हणून दहा जणांत आरडाओरडा करेल? तो गुपचूप नवा कॅन मागवेल. जावईबापू कितीही अगोचर असोत, त्यांना खरोखरच काही माहीत नव्हतं.

मावशींनी आपल्या उजव्या हाताची बोटं उघडली. अंगठ्याच्या आणि पहिल्या दोन बोटांच्या आतल्या अंगाला जुने पांढुरके पट्टे होते. नोकरीच्या पहिल्या वर्षी हातमोजा न घालता हेलियमची नळी चिमटीत धरली होती, त्याची खूण.

त्या पुन्हा सरांच्या खोलीत गेल्या, या वेळी अगदी नरमाईनं. "सर, रागाच्या भरात बोलले सकाळी. हाताला काय झालं हो?"

"अं? काही नाही. इस्त्रीचा चटका."

पट्टी सैल झाली होती. आत तिन्ही बोटांच्या आतल्या बाजूला एका सरळ रेषेत फोड, मध्ये मेणासारखा पांढरा पट्टा.

"जपा," मावशी म्हणाल्या आणि दार लोटून बाहेर आल्या.  

६

नोटिशीतल्या सोमवारी समिती प्रयोगशाळेतच बसली, कारण मावशी संचालक मॅडमच्या दारात उभ्या राहिल्या आणि हलल्या नाहीत. मॅडम, मोठे सर, जावईबापू, कल्हईवाला आणि ती मुलगी. या वेळी ती बाकावर नव्हती, यंत्रापाशी होती.

मावशींनी ठिपक्याची गोष्ट सांगितली. मॅडमनी स्वतः सील मोडलं आणि भिंगातून दोन्ही कोपरे पाहिले. कल्हईवाल्यानं चिप पाव वळसा फिरवून बसवली, मुलीनं चुंबकाचा झटका दिला आणि मावशींनी हेलियम ओतलं. तासभर सगळे पडद्यासमोर उभे होते. पडद्यावरची रेघ उतरत गेली, नायोबियमच्या पायरीवर अडखळली आणि मग धप्पकन शून्यावर आली.

"बाप रे," जावईबापूंच्या तोंडून निघालं.

"दुर्दैवी प्रकार," मोठे सर मृदूपणे म्हणाले. "फेरतपासणी कोणी केली, हे सर्वांना ठाऊक आहे. मी फक्त सही केली." आणि त्यांनी जावईबापूंकडे पाहिलं.

जावईबापूंचा चेहरा पांढराफटक पडला. "सर? मी?"

"पुरे!" मावशींनी टेबलावर हात आपटला. "एकीला बुडवून पोट भरलं नाही, आता दुसऱ्याला? मॅडम, शनिवारी दुपारनंतर कोणीतरी यंत्र थंड केलं. भिंतीवर रेघा आहेत, बघून या. याला ते ठाऊक असतं तर कॅन रिकामा म्हणून माझ्याशी भांडायला आला नसता. ज्यानं थंड केलं त्यानं कित्येक वर्षांत नळी धरली नव्हती, म्हणून हातमोजा विसरला. सर, इस्त्री कोणी चिमटीत धरत नाही. इस्त्रीचा चटका एका जागी बसतो, अंगठ्याच्या आणि बोटांच्या आतून सरळ रेषेत नाही. नळी धरली की बसतो. हे बघा माझे." त्यांनी तळहात पुढे केला. "आता तुमचे दाखवा."

सरांनी हात खिशात घातला. खोलीतल्या एकानंही नजर वळवली नाही. बऱ्याच वेळानं हात बाहेर आला आणि टेबलावर पालथा पडला. उलटा करायची गरज उरली नव्हती.

मॅडमनी घसा खाकरला. "सरांची चार महिन्यांनी निवृत्ती आहे. संस्थेच्या नावाचा विचार करता... तांत्रिक चूक, असं लिहून हिला परत घेतलं तर..."

"तांत्रिक?" मावशींचा आवाज फाटला. "तिला खोटारडी ठरवताना स्पष्ट मराठीत लिहिलंत, सगळ्या संस्थेला दिसेल असं. आणि यांच्या वेळेला तांत्रिक?"

तेवढ्यात मुलगी बोलली. इतका वेळ ती पडद्याकडे बघत होती.

"सर, शनिवारी तुम्ही आल्या आल्या ठिपका पुसला नसणार. आधी तुम्ही मोजलं असणार. माझी चूक सापडेल म्हणून."

सरांची नजर यंत्राकडे गेली.

"म्हणजे चिप तेव्हा बरोबर बसवलेली होती. तुम्ही ते पाहिलंत, हो ना? माझ्यानंतर, माझ्याशिवाय, स्वतःच्या हातानं मोजून पाहणारे तुम्ही पहिलेच."

सरांचा चेहरा इतका म्हातारा मावशींनी कधी पाहिला नव्हता. "पाहिलं," ते म्हणाले. "दोनदा पाहिलं. माझा विश्वास बसेना. सुंदर होतं ते." ते थांबले. "बावीस वर्षं मी पोरांना सांगत आलो, की हे होत नाही."

"आणि मग ठिपका पुसलात," मुलगी म्हणाली.

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

मावशींना क्षणभर त्यांची कीव आली, आणि त्या कीवेचाच त्यांना राग आला. खोटं वाटलं म्हणून नाकारलं असतं तर समजलं असतं. या माणसानं खरं आहे हे दोनदा तपासलं होतं, आणि खात्री पटल्यावर पोरीचा गळा धरला होता.

"आकडे कुठे आहेत?" मुलीनं विचारलं. "तुम्ही मोजलंत आणि लिहिलं नाहीत, असं होणार नाही."

सरांनी कोटाच्या आतल्या खिशातून घडी केलेला आलेखाचा कागद काढला. पेन्सिलीनं मांडलेले बारीक बिंदू, अखेरीस शून्यावर आपटलेले. वर शनिवारची तारीख. त्यांना तो जाळता आला असता, फाडता आला असता. नऊ दिवस तो त्यांनी छातीशी बाळगला होता.

मुलीनं कागद उजेडात धरला. "माझा निष्कर्ष दुसऱ्या कोणीतरी स्वतंत्रपणे पडताळायला हवा होता. ज्याला तो खोटा ठरायला हवा होता, अशा माणसानं पडताळला तर अधिकच चांगलं." तिनं कोरा कागद आणि पेन सरांपुढे सरकवलं. "तांत्रिक चूक नको, मॅडम. मला तुमची माफीही नको, सर. जे पाहिलंत आणि नंतर जे केलंत, ते लिहा. खाली सही करा."

मॅडम काहीतरी म्हणणार होत्या. मावशींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

सर दुखऱ्या बोटांनी बराच वेळ लिहीत होते. जावईबापू खिडकीशी उभे होते आणि कोणाच्याही नजरेला नजर देत नव्हते. लिहून झाल्यावर मुलीनं कागद घेतला आणि मावशींना ऐकू जाईल असं वाचलं. "शनिवारी मी ही फिल्म स्वतः मोजली. कोबाल्टच्या जाड थरातून अतिवाहक धारा कदाचित पार होत असावी, असे दिसले. त्यानंतर मी दिशादर्शक ठिपका हलवला..."

ती थांबली. कागद पुन्हा सरांपुढे ठेवला आणि एका शब्दावर बोट टेकवलं.

"‘कदाचित’ खोडा."

सरांनी वर पाहिलं.

"आणि ‘होत असावी’ नाही, सर," ती म्हणाली. "‘झाली’."